बास आणि स्टीलहेडसाठी स्ट्रीमर: हालचाल हाताची की पाण्याची?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला येऊन दोन वर्षं झाली, उन्हाळ्यात ग्रँड नदीत उतरून स्मॉलमाउथ बास धरतोस, व्हिडिओ बघून क्लाउजर मिनो, म्हणजे हुकावर केस आणि जड डोळे बांधून केलेलं छोट्या माशाचं आमिष, बांधायला शिकलास. पण तुझा क्लाउजर पाण्यात कुशीवर पडतो आणि चार-पाच मासे लागले की त्याचे डोळे दांड्यावर फिरतात. आता ऑक्टोबरमध्ये त्याच नदीत स्टीलहेड, म्हणजे मोठ्या तळ्यातून येणारे ट्राउट, चढतील, तेव्हा हेच क्लाउजर मोठे करून बांधले तर चालतील का? मला 'काका' म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. चालतील. क्लाउजरवर स्टीलहेड लागतो आणि स्टीलहेडसाठी बांधलेल्या माशीवर (फ्लायवर) बासही लागतो, माशाला आपली वर्गवारी ठाऊक नसते. पण 'लागतो' वेगळं आणि 'त्यासाठी बांधलंय' वेगळं. हा फरक हातात उतरला की तुझ्या बाकीच्या दोन तक्रारीही निम्म्या मिटतात.

मी फ्लायला माशीच म्हणतो. स्ट्रीमर ही खरं तर माशी नव्हेच. तो छोटा मासा असतो, जळू असते, कधी खेकड्याचा भाऊबंद क्रेफिश असतो. हुकावर केस आणि पिसं बांधून केलेलं सोंग, एवढंच. सोंग वठतं ते हालचालीमुळे. आणि ही हालचाल कुठून येते यावर सगळी बांधणी ठरते. बाससाठी ती तुझ्या हातातून येते. तू लाइन ओढतोस, थांबतोस, पुन्हा ओढतोस. स्टीलहेडसाठी तू जवळजवळ काहीच करत नाहीस, ताणलेल्या लाइनवर माशी प्रवाहात आडवी सरकत जाते आणि तिला जिवंत ठेवायचं काम पाणी करतं. पहिलीला झटका सोसून आकार टिकवणारा माल लागतो. दुसरीला संथ पाण्यातही श्वास घेतल्यासारखा हलणारा माल लागतो.

तू कोकणातला आहेस, म्हणून सांगतो. आमचे काका खाडीत जिताडा गरवायला जायचे. जिताडा खांबाच्या, मुळांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून काही चुकार, गडबडलेलं गेलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो. बासचा स्वभाव तोच. त्याला धडपणे पोहत जाणारा मासा नको असतो, ठेचकाळलेला हवा असतो. म्हणून बहुतेक वेळा तो माशी ओढताना नाही, तू थांबतोस तेव्हा घेतो.

नेमकं हेच पेनसिल्वेनियात सस्क्वेहॅना नदीवर स्मॉलमाउथ धरणाऱ्या बॉब क्लाउजरने १९८० च्या दशकात माशीत बांधलं. हुकाच्या दांड्यावर डंबेलसारखे जड शिशाचे डोळे बसवले. लाइन ओढली की माशी वर उठते, सोडली की नाकावर खाली जाते. तिला 'क्लाउजर डीप मिनो' हे नाव नावाजलेला फ्लाय-मच्छीमार लेफ्टी क्रे याने दिलं. गंमत म्हणजे ट्राउटवाल्यांच्या डब्यात हटकून सापडणारा वूली बगर नावाचा स्ट्रीमरही पेनसिल्वेनियाचाच. रसेल ब्लेसिंगने १९६७ मध्ये तो बांधला तेव्हा त्याच्या डोक्यात डॉब्सनफ्लाय या किड्याची पाण्यातली अळी आणि स्मॉलमाउथच होता.

आता तुझा क्लाउजर. कुशीवर पडायची तीन कारणं असतात आणि मी पैज लावतो की तुझ्यात तिन्ही थोडी थोडी आहेत.

पहिलं, केस फार. बकटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं शेपूट, हा तरंगणारा माल आहे. शेपटीच्या बुडाकडचे केस जास्त पोकळ असतात, दोरा आवळला की पंख्यासारखे फुलतात. टोकाकडच्या निम्म्या भागातले केस कमी फुलतात. क्लाउजरला ते घे. किती? आगपेटीतल्या दोन काड्या एकत्र धरल्यावर जेवढ्या जाड होतील तेवढेच, पांढरे तेवढे आणि वरच्या रंगाचे तेवढे. बांधून झाल्यावर माशी 'अगदीच किरकोळ दिसते' असं वाटलं तर बरोबर जमलीय. केसांची झुपकी कापल्यावर टोकाला धरून दुसऱ्या हाताने आखूड केस आणि लव उपटून काढ. पण सगळी टोकं एका रेषेत आणायला स्टॅकर (केस घालून आपटायची नळी) वापरू नकोस. टोकं मागेपुढे राहिली की शेपूट निमुळतं होतं, सारखी केली की रंगाचा ब्रश दिसतो.

दुसरं, डोळ्यांची जागा आणि बाजू. डोळे हुकाच्या कडीला, म्हणजे लाइन बांधायच्या भोकाला, चिकटवून बांधायचे नाहीत. कडीपासून दांड्याचा साधारण एक-तृतीयांश भाग मागे सोडून बांधायचे, म्हणजे पुढे केस बसवायला जागा राहते आणि माशी थेट दगडासारखी न बुडता तिरकी उतरते. हुक व्हाइसमध्ये (हुक धरायच्या शिकंज्यात) नेहमीसारखा टोक खाली करून धर आणि डोळे दांड्याच्या वरच्या अंगाला बांध. पाण्यात वजन खाली जातं, म्हणून माशी उलटते, टोक वर येतं आणि खडकात कमी अडकते. म्हणजेच तू बांधताना जी वरची बाजू बघतोस ती माशाचं पोट आहे. पांढरे केस त्या बाजूला, आधी डोळ्यांच्या पुढे बांधून, मग दोन डोळ्यांमधल्या खाचेत दाबून, डोळ्यांच्या मागेही चार वेढे. मग हुक उलटा कर, सहा-आठ चमकीचे धागे घाल आणि त्यावर पाठीचा रंग, तपकिरी किंवा पोपटी. हे वरचे केस फक्त डोळ्यांच्या पुढेच बांधायचे, मागे नाही. मागे बांधलेस तर हुकाचं तोंड झाकलं जातं.

तिसरं, वजन कमी. डोळे औंसाच्या १/५० पासून १/२० पर्यंत सहज मिळतात. ४ नंबरच्या हुकावर भरघोस केस आणि १/५० चे डोळे असतील तर केस वर खेचतात, डोळे खाली, आणि माशी बिचारी मधल्यामध्ये कुशीवर. आधी केस कमी कर, मग गरज वाटली तर डोळे वाढव. शिशाऐवजी पितळेचे घे, थोडे हलके पडतात पण चालतात. मिशिगनच्या तळ्यांवर लून पक्षी शिशाची वजनं गिळून मरतात, आणि आपल्या माशा तुटून पाण्यातच राहतात.

डोळे फिरतात ते दोऱ्यामुळे. बहुतेक नवशिके दोरा तुटेल म्हणून घाबरून हलक्या हाताने वेढे देतात. आज रात्री एक काम कर. रिकाम्या हुकावर १४० डेनियरचा दोरा लाव आणि तुटेपर्यंत ओढ. पाच-सहा वेळा तोड. तुझ्या बोटांना ती हद्द कळली की तिच्या अलीकडे एक पायरी थांबून काम करायचं. डोळ्यांवर आधी तिरके इंग्रजी आठाचे वेढे दे, दहा-बारा एका बाजूने, तेवढेच दुसऱ्या बाजूने. मग खरी गोष्ट: दांड्याच्या वरून पण डोळ्यांच्या खालून, आडवे गोल वेढे दे, बांबूची परांची बांधताना सुंभाला शेवटी मधून आवळतात तसे. हे आडवे वेढे आठांना आवळून घेतात. आता अंगठ्याने डोळा ढकलून बघ. हलला नाही पाहिजे. मग सुपरग्लूचा एक थेंब. ग्लूच्या जिवावर सैल वेढे टिकत नाहीत.

आणि माशी कधीही थेट नदीवर नेऊ नकोस. बाथटब भर, हातभर नायलॉन लावून ओढून बघ. घरातून बोलणी बसतील, मीही खाल्ली आहेत. पण कुशीवर पडणारी माशी टबमध्ये दहा सेकंदांत ओळखू येते.

आता स्टीलहेड. जीवशास्त्राने तो रेनबो ट्राउटच, फक्त नदीत जन्मून मोठ्या पाण्यात वाढलेला. पॅसिफिककडे तो समुद्रात जातो, आपल्याकडे लेक मिशिगनमध्ये. मिशिगनमध्ये ही जात मूळची नव्हेच, १८७६ मध्ये कॅलिफोर्नियातून आलेली पिल्लं ऑ साबल नदीत सोडली तिथून सुरुवात. म्हणून वॉशिंग्टन-ऑरेगनवाले आपल्या माशाला स्टीलहेड म्हणायला नाक मुरडतात. मुरडू देत. ऑक्टोबरच्या शेवटी तळ्यातून ताजा चढलेला, चांदीसारखा मासा तुझी रीळ किंचाळत रिकामी करतो तेव्हा हा वाद आठवत नाही.

बास जिथे आडोशाला दबा धरतो, तिथे स्टीलहेड मधल्या खोल पाण्यात तळाशी प्रवाहाला तोंड करून उभा असतो. पाणी ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ सेल्सिअसच्या खाली गेलं की तो माशीमागे लांब धावत नाही. माशी त्याच्या नाकासमोरून सावकाश आडवी गेली पाहिजे. त्यासाठी आपण लाइन प्रवाहात तिरकी, साधारण ४५ अंशात खाली टाकतो, लाइनचा पोटफुगवटा उचलून वरच्या अंगाला ठेवतो, आणि मग थांबतो. माशी कमानीत सरकत काठाला येते. सरकताना हात स्थिर. ओढाओढ नाही.

इथे तुझा मोठा क्लाउजर मार खातो. बकटेल ताठ आहे. ओढ-थांब-ओढ मध्ये ते छान दिसतं, पण एकसारख्या ताणावर ते काठीसारखं राहतं. आणि पुढे जड डोळे असले की ताणलेल्या लाइनवर माशी नाक खाली घालून ओढली जाते, पोहत नाही. खोली हवी असेल तर ती माशीत भरू नकोस, लाइनमध्ये भर. दहा फुटांचं बुडणारं टिप, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचा जड तुकडा, टी-८ किंवा टी-११, पुढे तीन-चार फूट जाड नायलॉन आणि हलकी माशी. टी-११ म्हणजे फुटाला ११ ग्रेन वजन. तुझ्या नदीच्या मधल्या खोल पट्ट्याला ते पुरतं.

हलकी पण मोठी दिसणारी माशी कशी करायची, हे कोडं पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लोकांनी १९९० च्या दशकात सोडवलं. एड वॉर्ड, जेरी फ्रेंच, स्कॉट हॉवेल या मंडळींची इंट्रूडर. कल्पना साधी आहे. सगळा माल भरायचा नाही. लांब दांड्याच्या मागच्या टोकाला एक छत्री, पुढच्या टोकाला दुसरी छत्री, आणि मध्ये जवळजवळ रिकामं. पाण्यात ती चार इंचांची भरदार वस्तू दिसते, बाहेर काढली की पाणी झटकन गळतं आणि फेकताना जड लागत नाही. सशाच्या कातडीची पट्टी पाण्यात याहून सुंदर हलते, पण पाणी पिऊन ओल्या मोज्यासारखी जड होते आणि नवशिक्याच्या कानाजवळून जाते.

छत्री उघडी राहायला तिच्या मागे टेकू लागतो. इथेच सगळे चुकतात. मारबूचं पीस (नाव मराबू करकोच्याचं, हल्ली पीस टर्कीचं) कोरडं असताना ढगासारखं फुललेलं असतं, भिजलं की शेवयासारखं दांड्याला चिकटतं. म्हणून आधी डबिंगचा (दोऱ्यावर पिळायच्या मऊ लवेचा) वाटाण्याएवढा घट्ट गोळा कर आणि त्याच्या लगेच पुढे पीस गुंडाळ. गोळा पिसाच्या तंतूंना बाहेर ढकलून धरतो. पाणी त्यांना मागे दाबतं, गोळा बाहेर ढकलतो, आणि या रस्सीखेचीतून ती धडधड येते जी स्टीलहेडला हवी असते.

मारबू शेंड्याकडून बांध, बुडाकडून नाही. शेंड्याची काडी बारीक आणि लवचिक असते, वळते. बुडाची जाड काडी वेढा घेताना मोडते. बांधायच्या आधी एका बाजूचे तंतू सोलून काढ, म्हणजे छत्री विरळ राहील. दोन-तीन वेढे पुरे. प्रत्येक वेढ्यानंतर ओल्या बोटांनी तंतू मागे विंचर, नाहीतर पुढचा वेढा त्यांच्यावर बसून त्यांना कैद करतो. मग शहामृगाच्या पिसाचे सहा-आठ लांब तंतू चहूबाजूंनी विखरून, दोन्ही अंगांना दोन-दोन चमकीचे धागे, बस. पुढच्या छत्रीत हेच, फक्त शेवटी गिनी कोंबडीच्या ठिपक्यांच्या पिसाचा एक वेढा कॉलरसारखा. चमकी दुप्पट केलीस तर माशी ख्रिसमसचं झाड होते.

हुक दांड्यावर नसतो, मागे लोंबतो. लांब दांड्याच्या हुकाने लढणाऱ्या माशाला तरफ मिळते, तो तोंडातून हुक उचकटून काढतो. म्हणून २ किंवा ४ नंबरचा आखूड दांड्याचा हुक वेणीच्या दोऱ्याच्या फाशात अडकवायचा. फासा एवढाच लांब की हुक पिसांच्या टोकाशी संपेल. त्यामागे लोंबला तर पिसांत गुंततो, आणि मासा खोल गिळतो, मग सोडताना त्याचा जीव जातो.

या फाशाने मला एक डिसेंबर चांगलाच शिकवला. ३० पौंडी वेणी दांड्यावर सरळ ठेवून वरून दोऱ्याचे घट्ट वेढे दिले होते. मस्कीगन नदीवर बोटं बधिर झालेली, दुपारी तीनच्या सुमारास दगडासारखा ओढा आला, चार उड्या, आणि लाइन हलकी. गुंडाळून घेतली तर दांडा जिथल्या तिथे, दोरे जिथल्या तिथे, हुक आणि फासा गायब. वेणी गुळगुळीत असते, ती दोऱ्याखालून सुईतल्या रेशमासारखी सरकून गेली होती. आता मी वेणीची दोन्ही टोकं दांड्याच्या मागच्या कडीतून ओवून पोटाच्या बाजूने पुढे आणतो, अर्धे वेढे देतो, मग टोकं मागे दुमडतो आणि दुमडीवर पुन्हा वेढे देतो, त्यावर सुपरग्लू. झाल्यावर हुक दारात अडकवून पूर्ण ताकदीने ओढतो. दार उघडतं, फासा हलत नाही.

रंगांवर तू चार ओळी विचारल्या आहेस, मी दोनच लिहितो. पाणी चहासारखं असेल तर काळा-निळा किंवा काळा-जांभळा, स्वच्छ असेल तर ऑलिव्ह, तपकिरी, पांढरा. स्मॉलमाउथला उन्हाळ्यात गंजाचा तपकिरी, कारण तो क्रेफिशच्या मागे असतो.

पिसांबद्दल मात्र एक आडवाट. इथल्या दुकानात 'जंगल कॉक' नावाची पिसं दिसतील, काळ्या पिसावर मेणासारखा पिवळट ठिपका, जुन्या सॅमन-माशांना डोळे म्हणून लावतात आणि किंमत बघून घाम फुटतो. तो आपला राखाडी रानकोंबडा, कोयनेच्या जंगलात पहाटे आरवतो तोच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे. इथे विकली जातात ती पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची. ट्रेकला पीस सापडलं म्हणून पिशवीत घालून इकडे आणायचा मोह होईल, आणू नकोस. मोरपिसांचंही तेच, भारतातून निर्यातीला बंदी आहे. मी एकदा आईने पूजेतून काढून दिलेली मोरपिसं सामानात ठेवली होती, विमानतळावर ती गेली आणि अर्धा तास जाबजबाब झाला तो वेगळा. चूक माझीच. नकली डोळे चिकटवले तरी स्टीलहेडला फरक कळत नाही.

खरेदी: व्हाइस मध्यम किमतीचा, जबडे मात्र चांगले, २/० पासून १० पर्यंतचा हुक न सरकता धरणारे. कात्री दोन, एक चमकी आणि तारेसाठी, दुसरी फक्त पिसांसाठी. बकटेल पांढरं, पोपटी, तपकिरी. मारबू काळं आणि ऑलिव्ह. एवढंच. पिवळ्या-जांभळ्या-गुलाबी पुड्यांनी भरलेलं कपाट माझ्याकडे आहे, त्यातलं निम्मं अजून फोडलेलं नाही. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा, म्हणजे बार्ब, बांधायला सुरुवात करायच्या आधी पक्कडीने दाबून टाक. हुक मोडायचा असेल तर तेव्हाच मोडेल, अर्धा तास घालवल्यावर नाही. आणि मिशिगनची नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाच. पेअर मार्केट नदीवर एम-३७ रस्त्याच्या पुलापासून ग्लीसन्स लँडिंगपर्यंतच्या टप्प्यात फक्त फ्लाय चालते आणि मासा सोडावाच लागतो. काही नद्यांवर हुकाच्या मापालाही मर्यादा आहे.

या सीझनला दोन्ही माशांसाठी एकच काहीतरी बांधायचंच असेल तर क्लाउजर मोठा करू नकोस, जळू बांध. काळी सशाची पट्टी, दोन इंच, जास्त नाही, पुढे गुलाबी डबिंगचं डोकं, फक्त छोटे मण्यांचे डोळे. ओढलीस तर बास घेईल, सरकू दिलीस तर स्टीलहेड. दोन्हीतही ती दुसरी येते, पहिली नाही, पण शिकायला बरी. सहा बांध, सहाही एकाच मापाच्या. सहावी पहिलीसारखी दिसेपर्यंत इंट्रूडरला हात लावू नकोस.

क्लाउजरचे नवे फोटो पाठवशील तेव्हा वरून नको, समोरून काढ, हुकाच्या कडीकडून, नाकाच्या रेषेत. डोळे एका पातळीत आहेत का ते तिथूनच दिसतं. आणि एक फोटो टबमधला, ओला.